लिवून घ्या, गुर्जी

"लिवून घ्या, गुर्जी."

हे म्हणताना तिच्या डाव्या हाताचं बोट माझ्या खिशातल्या पेनाकडं असायचं. "आज कावळे पिंपळावर न्हाईत, हापशावर बसलेत. मिरगापस्तोर काई पडत न्हाई. लिवून घ्या." नाहीतर, "ह्यो मुकादम आज हसून बोलला. उद्या काम वाढवतो का न्हाई बगा. लिवून घ्या." मी कधी एक अक्षर लिहून घेतलं नाही, आणि तिचं खरं ठरल्याशिवाय कधी राहिलं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. औशाच्या कचेऱ्यांवरच्या पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव चुन्यानं पुसून नवं रंगवलं होतं, आणि उन्हात जुनी अक्षरं खालून डोकावायची. जिल्हा नवा मिळाला, पाऊस तेवढा मिळाला नाही. रोजगार हमीची कामं निघाली. आमच्या शाळेमागच्या माळावर साठवण तलावाचं काम सुरू झालं, आणि लांबलांबच्या वस्त्यांवरची माणसं तिथंच पालं ठोकून राहू लागली. दुपारच्या सुट्टीत बाया पाण्याला शाळेच्या हापशावर यायच्या. ही त्यांची पुढारी. पन्नाशीची, काटक, कपाळ मोकळं, पदर कमरेला खोचलेला. सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. नाव विचारायचं काही सुचलं नाही. तुम्ही तरी रोजच्या माणसाचं नाव विचारता का?

आमची शाळा दोन शिक्षकांची. हेडमास्तर आणि मी. दुपारचा डबा खाऊन झाला की आम्ही दोघं देश चालवायचो. निवडणूक तोंडावर आली होती, त्यामुळं विषय ठरलेला. हेडमास्तरांचं म्हणणं, मतदान सक्तीचं करा. जो मत देणार नाही त्याला दंड ठोका. माझं म्हणणं उलट. ज्याला सही येते त्यालाच मताचा हक्क द्यावा. मी तिशीचा, औशाच्या मास्तरांच्या घरातला, तीन पिढ्या अक्षर वळणदार. अंगठेबहाद्दरांच्या हाती देश दिला म्हणून ही दशा, असं मी चांगलं घसा खाकरून म्हणायचो.

एकदा मावशी घागर भरता भरता थांबली.

"गुर्जी, ह्यो तलाव हितं खंदायचा, हे कुनी ठरिवलं?"

"इंजिनिअर साहेबांनी."

"त्यास्नी सही येती?"

"येते की. इंग्रजीत करतात."

"खाली समदा मुरूम हाय. पानी ठरायचं न्हाई हितं. आमी समद्या जनी पयल्या दिवशीच म्हनलो. पर आमाला सही येत न्हाई." तिनं घागर डोक्यावर घेतली. "लिवून घ्या."

हेडमास्तर खो खो हसले. म्हणाले, "मावशी, तुम्ही माझ्या बाजूच्या. सक्तीच पाहिजे."

"तुमचं बी काई खरं न्हाई, मोठं गुर्जी. लेकराला बळंच घास कोंबला तर ते ओकतंय. मी दर टायमाला मत द्यायला जाते ते कुनाच्या दंडाला भिऊन जाते व्हय? माजी माय पाटलाच्या वाड्यापुडनं चप्पल हातात घिऊन जायची. मतदानाच्या दिशी पाटील बी रांगेत, ती बी रांगेत. आन ती त्याच्या म्होरं." मग तिनं तेच डावं बोट आम्हाला दाखवलं. "ही शाई पुसू नये म्हून ती आठ दिस त्या हातानं भांडी घासायची न्हाई."

आम्ही दोघांनी डबे आवरले. पण माझं मत काही बदललं नाही. बायकांच्या बोलण्यानं मत बदलायचं नाही, असं एक माझं दुसरं मत होतं.

त्याच महिन्यात मतदार यादीचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडलं. माझ्या वाट्याला चार कोसांवरच्या एका गावचा बौद्धवाडा आला. भर उन्हात सायकल हाणत गेलो. पाहतो तर सगळ्या दारांना कड्या. एका लिंबाखाली एक म्हातारा बसला होता. त्याला विचारलं, "माणसं कुठंयत?" तो म्हणाला, "गेले की समदे, पोट घिऊन."

कुठं, असं विचारायला जीभ झिजली नसती. पण मला सायकल शाळेत टाकून औशाची शेवटची गाडी गाठायची होती. गेले म्हणजे मुंबईला नाहीतर उसाला गेले असणार, असं धरून त्याच लिंबाखाली मांडी घालून मी सदतीस नावांपुढं माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'गाव सोडून गेले'. वर पट्टीनं रेघ मारली. काम अर्ध्या तासात उरकलं म्हणून स्वतःवर खूशही झालो.

कच्ची यादी शाळेत लावायला आली, त्या दुपारी मावशी हापशावरून सरळ वर्गात आली. "आमच्या गावची हाय का? वाचून दावा." मी विचारलं, गाव कोणतं? तिनं सांगितलं. मी खोडून आलो होतो तेच गाव. तरी वाटलं, वाडा निराळा असेल.

"तुमचं नाव काय, मावशी?"

तीन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. तिनं स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव असं तिन्ही सावकाश सांगितलं. ते नाव मला पाठ होतं. माझ्याच पट्टीखालून गेलेलं, वरून चौथं.

"न्हाई?" ती म्हणाली.

"नाही. गाव सोडून गेले, असं लिहिलंय."

"कोन म्हनलं?"

खोटं बोलायची चांगली संधी होती. कचेरीवर ढकललं असतं तर तिला कळलंही नसतं. पण ती रोज मला पाण्याचा पहिला तांब्या द्यायची. मी म्हणालो, "मी."

ती खालच्या बाकावर बसली आणि हाताचे घट्टे चोळत म्हणाली, "घरदार जितं हाय, मानसं जिती हायेत. रोज तुमच्या हापशाचं पानी पितो. आन तुमी आमाला कागदावर मारलं, गुर्जी." मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर मी जिल्ह्याला धन्यवाद दिले असते.

मग ती उठली. "मुद्दत किती हाय?"

"चार दिवस."

"तुमी खोडलं, तुमीच लिवा."

तीन दिवस शाळा सुटली की मी तलावाच्या कामावर जायचो. दगडावर बसून सदतीस अर्ज लिहिले. मावशी एकेकाला हाताला धरून आणायची, शाईच्या डबीत अंगठा बुडवायची आणि म्हणायची, "नीट दाब. ह्ये तुजं दस्कत हाय." मला दम द्यायची, "नावात काना चुकवू नका. एकदा मारलं तेवढं बास."

चौथ्या दिवशी सगळे मजुरी बुडवून पहाटे निघाले आणि कचेरी उघडायच्या आधी औशात हजर. सायकल हातात धरून मी मागं. नायब तहसीलदार माणूस वाईट नव्हता, पण कागदाचा होता. त्यांनी अर्ज चाळले आणि माझ्याकडं पाहिलं. "शिक्षक, गाव सोडून गेले असं तुम्हीच लिहून दिलंय. आता इथंच होते म्हणता. पुरावा?"

असा पुरावा कुठून आणायचा, हे मला खरोखर सुचत नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त माझी सही होती.

मावशीनं दाराकडं पाहून हाक मारली. कामावरचा हजेरी कारकून काखेत हजेरीपट घेऊन आत आला. त्याला तिनं आदल्या दिवशी काय सांगितलं होतं देव जाणे, पण गडी मुकाट आला होता. तिनं तो पट टेबलावर उघडला.

"सायेब, ह्यात रोजचा अंगठा हाय. म्होरं गाव लिवलंय. एक बी दिस खाडा न्हाई. तालुका सोडून गेलो असतो तर ह्ये अंगठे काय चालत आले? लावून बगा."

साहेबांनी चष्मा वर केला. एक अर्ज घेतला, पट घेतला. दुसरा घेतला. पाना-पानांवर निळे अंगठे, सदतीसच्या सदतीस. सही येत नाही म्हणून ज्यांना मी बाद करत होतो, त्यांच्या अंगठ्यांनी माझी सही खोटी पाडली होती, आणि खरं सांगतो, मला त्याचा आनंद झाला. इतका, की डोळे भरून आले आणि मी उगीच छताचा पंखा पाहत राहिलो.

"सगळी नावं घ्या," साहेब कारकुनाला म्हणाले.

"लिवून घ्या," मावशी म्हणाली. या वेळी त्यांनी घेतलं.

मतदानाला माझी नेमणूक नेमकी त्याच गावी लागली. काम, बोटाला शाई लावायचं. सात वाजता दार उघडलं तर बौद्धवाड्याची रांग पिंपळापर्यंत, इस्त्री नसली तरी धुतलेली लुगडी, एका म्हातारीला दोघांनी खांद्यावर आणलेलं. सर्वांत पुढं मावशी. मागं गावचे मालक लोक, तिच्या आईच्या वेळेसारखेच. शेजारच्या कारकुनानं तिचं नाव मोठ्यानं पुकारलं, तिन्ही शब्द, एकही काना न चुकता. तिनं डावं बोट माझ्यापुढं धरलं.

"जरा लांब वढा, गुर्जी. कंजुषी नगं."

नियमापेक्षा थोडी जास्तच ओढली. बाहेर जाऊन तिनं ते बोट वर धरलं, आणि सगळी रांग हसली.

हेडमास्तर पुढं मला विचारायचे, "काय, सहीवाल्यांनाच मत का?" मी डबा उघडायचो. तेही सक्तीचं बोलेनासे झाले होते. तलावात पाणी ठरलं नाही, हे सांगायला नकोच.

मग माझी बदली झाली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा त्याच भागात परत आलो आणि यादीचं काम पुन्हा गळ्यात पडलं. मी तो बौद्धवाडा मागून घेतला. मावशीच्या दाराची कडी काढलेली होती. निळ्या कोटातल्या फोटोशेजारी तिचा फोटो दिसला आणि मी उंबऱ्यातच थांबलो.

"दोन महिने झाले," सून म्हणाली. तिनं बसायला चटई टाकली. "आत्याबाईनं सांगून ठिवलंय. गुर्जी येतील माजं नाव खोडायला. खोडू द्या, आता खरंच गेले म्हना. पर आदी पोरीचं लिवून घ्या म्हनावं, मंग माजं खोडा."

आतून नात आली. अठरा नुकती पुरी झालेली, हातात शाळेचा दाखला तयार. मी अर्ज काढून मांडीवर घेतला. खिशाला हात लावणार, तेवढ्यात तिचं बोट माझ्या पेनाकडं आलं.

"द्या सर, मीच लिहिते."

मी पेन दिला. तिची सही होईपर्यंत यादी उघडली नाही.