तार न घातलेले दोन ट्रे

दोन ट्रे भट्टीतून बाहेर आले तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी एकाही कोअरला तार घातली नव्हती.

कोअर म्हणजे वाळूचा गाभा. लोखंडी वस्तू आतून पोकळ हवी असेल तर साच्यात हा गाभा बसवतात आणि भोवती लोखंड ओततात. तेलात कालवलेली वाळू पेटीत ठासायची, तारेने आरपार भोक पाडायचं, मग भाजायचं. भोक नसेल तर आत वायू कोंडतो आणि माल छिद्राछिद्रांचा निघतो. भाजल्यावर भोक पाडायला गेलं तर कोअरचे तुकडे होतात.

कोल्हापुरात कारखान्यांना सोमवारी सुट्टी. आमच्या फौंड्रीत मोठी ऑर्डर आली आणि ओळीने सगळ्या सोमवारी ओव्हरटाइम लागला. हा तिसरा. आमचे हे ट्रकवर असायचे, म्हणून माझी चार वर्षांची सुमन मलकापूरला माझ्या आईकडे होती. एरवी सोमवारी सकाळच्या एसटीने मी तिच्याकडे जायची. त्या दिवशी वाळू ठासताना मी मनातल्या मनात तिच्या केसांचा गुंता काढत होते.

शेजारची हौसाक्का म्हणाली, "गप बस की. काळा रंग मारलास की कुणाच्या बाला कळतंय?"

खरं होतं. भाजलेल्या कोअरला वरून काळा रंग देतात; तो दिल्यावर भोक आहे का ते कुणी वाकून बघत नसे. पण माल पुढे कुणाच्या तरी इंजिनात बसणार होता. मी सुपरवायझर शिंदेसाहेबांच्या टेबलापाशी गेले. आपण होऊन तिथं पहिल्यांदाच उभी राहिले.

"साहेब, दोन ट्रे मोडायला लागतील. तार ऱ्हायली."

"तुमची? तुमचा एक कोअर कधी परत आला न्हाई. ध्यान कुठं हाय?"

"मलकापुरात."

"तितं काय हाय?"

"पोरगी. तीन आठवडं बघितली न्हाई."

"मग सोमवारला व्हय कशाला म्हणालासा?"

"तुम्ही विचारलासा कुठं? नुसती नावं लिवलीसा."

पाठीमागे हौसाक्का फिसकन हसली. माझे कान तापले. साहेबांनी यादी काढली, पेन शोधलं.

"पुढच्या सोमवारी जावा. आज दोन ट्रे नवं भरून द्या."

दिले. तार दोनदा तपासली.

पुढच्या सोमवारी मी मलकापूरला पोहोचले. सुमन आईच्या पदराआड गेली. मी पेढे पुढे केले. ते तिने घेतले, पण जवळ आली नाही. दिवसभर पाठ करून खेळत राहिली. मी फणी हातात घेऊन बसून होते. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा ती मुकाट्याने येऊन माझ्यापुढे पाठमोरी बसली. एक वेणी घालून झाली. दुसरी आईने घातली, कारण मला एसटी गाठायची होती.

त्यानंतर मी बऱ्याच वेळा ओव्हरटाइम केला. पण कुणी नाव लिहायला आलं, की आधी वार विचारायला शिकले.