कळशीची शिकवणी

आमच्या सासूबाई गावच्या नर्स. बाळंतपणाच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. सासऱ्यांचं तर कशातच चालत नाही.

गावापासून दवाखाना एकोणीस किलोमीटर, आणि रस्ता म्हणजे खड्ड्यांच्या मधेमधे थोडं डांबर. जीप गावात एकच. ती चालवणारा इतका सुसाट, की सगळे त्याला वादळ म्हणत. एकदा त्याच्या जीपमध्ये एक बाई आदळआपट सोसत वाटेतच बाळंत झाली. सासूबाई सोबत होत्या म्हणून निभावलं. गाडीतून उतरल्यावर त्यांनी वादळाची अशी खरडपट्टी काढली, की तो आठवडाभर आमच्या गल्लीत फिरकला नाही.

मग शिकवणी सुरू झाली. दर रविवारी तोंडापर्यंत भरलेली कळशी मागच्या सीटवर, शेजारी सासूबाई. दवाखान्यापर्यंत जायचं आणि पाणी सांडायचं नाही. पहिल्या रविवारी कळशी रिकामी आणि सासूबाई ओल्याचिंब. पण दोन महिन्यांत पठ्ठ्याला खड्डे पाठ झाले. शाळेच्या वळणावर डावीकडून, पुलावर पहिला गिअर. त्यानंतर पाच जणी सुखरूप गेल्या; एक तर वाटेत चक्क झोपली.

मग माझी पाळी आली. नववा महिना लागला होता. सकाळी कपडे वाळत घालताना पोटात जोराची कळ आली, पोट दगडासारखं घट्ट झालं आणि पायांवर रक्त आलं. हाक ऐकून सासूबाई धावत आल्या. पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाळाच्या आधीच वार सुटतेय. लगेच ऑपरेशन करावं लागेल," त्या म्हणाल्या.

मी इतकी घाबरले, की रडूही येईना. बाळ जाणार, एवढंच डोक्यात.

वादळ लगेच हजर झाला. मला मागच्या सीटवर आडवं केलं, सासूबाई उशाशी बसल्या आणि जीप निघाली, पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन जाणाऱ्या नव्या सुनेसारखी. शाळेचं वळण, डावीकडून. पूल, पहिला गिअर.

"अरे, जोरात घे!" सासूबाई म्हणाल्या.

"काळजीच करू नका मावशी. आज थेंबसुद्धा सांडणार नाही!"

"ती कळशी नाही रे, माझी सून आहे! हाण गाडी!"

"पण तुम्हीच तर शिकवलंत..."

"माझं चुकलं! घाई कधी करायची ते सांगायचंच राहिलं. माझं चुकलं रे बाबा, हाण!"

मग काय विचारता! एकही खड्डा सुटला नाही.

डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, आणखी पाव तास गेला असता तर बाळ हाती लागलं नसतं. ते बाळ आता चार वर्षांचं आहे आणि एक मिनिट स्वस्थ बसत नाही.

शिकवणी अजून चालू आहे. आता धडे दोन आहेत, एक भरल्या कळशीचा आणि एक रिकाम्या कळशीचा. निघताना कुठला धडा ते सासूबाई सांगतात.

"माझं चुकलं" हे शब्द मात्र घरात त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेले नाहीत. त्या दिवशी दवाखाना येईपर्यंत त्या तेच पुटपुटत होत्या, आणि प्रत्येक खड्ड्याला मला आणखी घट्ट धरत होत्या.