शेवटच्या धुवणाची प्लेट

इंदूर, १८ ऑगस्ट

संपादकांची आणि आपणा सर्व स्नेहीजनांची क्षमा मागते. तीन स्मरणपत्रं आली, तरी मी लेख पाठवला नाही. दिघे मॅडमच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथात एक गोष्ट लिहावी की नाही, हेच ठरत नव्हतं.

मॅडमची पहिली भेट प्रयोगशाळेच्या सिंकपाशी झाली. संशोधनासाठी गेले, तर त्यांनी सोयाबीनची मुळं हातात ठेवली. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. गाठी वरून निर्जंतुक करून धुवायच्या, ठेचायच्या, आतले जिवाणू प्लेटवर, म्हणजे पोषक थर असलेल्या चपट्या बशीत, वाढवायचे. मॅडमचा शिरस्ता असा, की शेवटच्या धुवणाचं पाणीही वेगळ्या प्लेटवर लावायचं. ती कोरी राहिली तरच गाठीची प्लेट खरी. नाहीतर उगवलं ते आतलं की बाहेरचं, कोण सांगणार?

दुसऱ्या वर्षी माझ्या धुवणाच्या प्लेटवर ठिपके उगवले. गाठीची प्लेट मात्र सुरेख होती, आणि तेच जिवाणू देपालपुरच्या शेतकऱ्यांना बियाण्याला चोळण्यासाठी जायचे होते. मी धुवणाची प्लेट टाकून दिली आणि वहीत लिहिलं, ‘वाढ नाही’.

प्रयोगशाळेतले सहायक कैलाशजी कचरा उचलताना म्हणाले, “क्या दीदी, धोवन वाली प्लेट इतनी जल्दी बिदा कर दी? मॅडम तो पहले वही माँगेंगी.”

चार दिवस घास उतरला नाही. जिवाणूंची पाकिटं देपालपुरला निघायच्या आदल्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. आता आपलं संशोधन संपलं, हे धरूनच गेले होते.

त्यांनी वही पुढे सरकवली. “खोडू नकोस. खाली आजची तारीख घाल आणि खरं लिही. आणि आधी जेवून ये, उपाशी हातात पिपेट थरथरतं.” मग देपालपुरच्या एका शेतकऱ्याला फोन लावला. “भियाजी, पाकिट अभी नहीं आएँगे. एक जाँच मुझसे रह गई.”

मुझसे! माझं नाव त्यांनी तेव्हा घेतलं नाही, पुढेही कधी नाही. नंतर निर्जंतुक वाळूत रोपं लावून ते जिवाणू तपासले. एकाही मुळाला गाठ धरली नाही, म्हणजे प्लेटवर वाढलेले बाहेरचेच होते. पाकिटं गेली नाहीत, या विचाराने आजही हायसं वाटतं.

परवा इंदूरजवळच्या राऊ गावी त्यांच्या घरी जाऊन विचारलं, “लिहू का?”

“लिही गं. पण मला थोर करत बसू नकोस. धुवणं नीट समजावून सांग.”

मॅडमना भरपूर आयुष्य मिळो. गुडघे कुरकुरू नयेत, नजर शाबूत राहावी, आणि आम्हाला त्यांचा धाक आणखी पुष्कळ वर्षं वाटत राहावा.

उद्या: लेख संपादकांकडे पोचवणे, ‘मी’च्या जागी ‘एक विद्यार्थिनी’ न करता.