वळणावरचे मासे

माझ्या धाकट्या दिराला घरीदारी सगळे भिंगरी म्हणतात. मी रंगभूमीवर होते तेव्हा माझं प्रत्येक नाटक त्याने पाहिलं, पण विंगेत उभं राहून. खुर्चीत बसला की त्याचे गुडघे हलायचे आणि शेजारचे प्रेक्षक माझ्याऐवजी त्यालाच बघायचे! असा माणूस तेलाच्या पाइपलाइनची गळती रोखणाऱ्या पथकात लागला. अंगाला बेतलेली भूमिका.

त्या दुपारी मी त्याच्या बायकोकडे, म्हणजे माझ्या जावेकडे, नदीकाठी होते. वळणावरच्या संथ पाण्यात जाळ्यांचे पिंजरे बांधून तिने मासे वाढवले होते; विक्री चार दिवसांवर आली होती. एकाएकी डिझेलचा वास आला. वरच्या पुलाजवळ पाइप फुटला होता. व्हॉल्व्ह बंद केले, तरी सांडलेलं डिझेल वाहत निघालं, आणि वळणापुढेच गावाच्या पाणीपुरवठ्याचा पंप.

पुलाखाली भिंगरीच्या पथकाने डिझेल अडवायला तरंगता पट्टा टाकला, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ. सराव कायम तळ्यातला! वाहतं पाणी कशाला ऐकतंय? डिझेल पट्ट्याखालून सटकलं.

भिंगरी धापा टाकत वळणावर आला. "दुसरा पट्टा तिरका बांधतोय. डिझेल त्याला घासत काठाला येईल, तिथून ओढून घेऊ."

"कुठल्या काठाला?" जावेने विचारलं.

तो या पायावरून त्या पायावर.

"अहो, बोला ना! एरवी तोंडाचा पट्टा थांबतो का?"

"पाणी इथेच संथ आहे गं. पलीकडे ओढ आहे, पुन्हा निसटेल. मग थेट गावाच्या नळात."

जाव आपल्या पिंजऱ्यांकडे वळली.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला."

"त्यांना कशाला मध्ये घेता?" जावेने बाह्या वर सारल्या. "सुरी आणा. गाठी सोडत बसायला वेळ नाही."

दोघांनी जाळी कापली. मासे मात्र आतच घुटमळत राहिले. तिने पाण्यावर तळवे आपटले. "जा की मेल्यांनो! आयतं खाऊन सुस्तावलात!"

एक गेला, मग सगळेच गेले.

पट्टा तिरका ताणला गेला. चकाकती साय हळूहळू वळली आणि रिकाम्या पिंजऱ्यांत येऊन साचली. गावाचा पंप वाचला.

संध्याकाळपर्यंत भिंगरी तिच्याभोवती घिरट्या घालत होता. शेवटी तिनेच विचारलं, "पहिलाच पट्टा तिरका टाकला असता, तर पुलाखालीच भागलं असतं ना?"

"हो."

कापलेल्या जाळ्याचं एक टोक तिने उचललं, आणि दुसरं त्याच्या हातात दिलं.