आक्काच्या मानाने

“मामा, आई गेली.” फोनवर भाचा विलास एवढंच बोलला. मी मोखाड्याला पंचायत समितीत कामावर होतो, तसाच मिळेल त्या जीपने खोडाळ्याला गेलो. त्याला आता दीडेक महिना होईल. भेटायला येणारे हळहळून म्हणत होते, “बिचारीला काय समजत नव्हता...” त्यांनी आक्काला शेवटच्या वर्षांतच पाहिलेलं. मला मात्र तिची सगळी हुशारी आठवत होती.

आक्का माझी मोठी बहीण, खोडाळ्याच्या शाळेत शिक्षिका. पहिलीत येणाऱ्या पोरांना घरची बोली तेवढी यायची, पुस्तकातली मराठी परकी. आक्का आधी बोलीत गोष्ट सांगायची, मग तीच हळूहळू पुस्तकी मराठीत. मधे एकेक शब्द असा बदलत न्यायची की पोरांना पत्ताही लागायचा नाही. ही रीत तिला कुणी शिकवलेली नव्हती.

निवृत्तीनंतर आळीतली पोरं गोष्टी ऐकायला घरी येत. एकदा मी तिथे बसलेलो असताना सांगता सांगता ती अडली. “पुढचं तुम्हीच सांगा बरं!” म्हणाली. पोरांना खेळ वाटला. तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा ती घाबरली आहे हे मला कळलं.

मी तिला नाशिकला नेलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. “वयाच्या मानाने उत्तम आहे,” म्हणाले.

मी म्हटलं, “वयाच्या मानाने असेल, साहेब. आक्काच्या मानाने नाही.”

ते रागावले नाहीत. त्यांनी आम्हाला स्मरणाच्या चाचण्या घेणाऱ्या एका मॅडमकडे पाठवलं. मॅडम कठीण शब्दांचे अर्थ विचारू लागल्या. आक्का अर्थ सांगे आणि वर, “आमच्याकडे याला असं म्हणतात,” असं म्हणून बोलीतला शब्दही देई. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि नुसत्या ऐकत बसल्या. मग माझ्याकडून तिचं शिक्षण, नोकरी, शिकवण्याची रीत, सगळं विचारून घेतलं.

“शब्द सहसा उशिरा जातात,” त्या म्हणाल्या. “त्यावरून आणि तुम्ही सांगता त्यावरून या मुळात कुठे होत्या, याचा अंदाज येतो. इतरांच्या मानाने आजही ठीक आहेत. पण तिथून पाहिलं, तर बऱ्याच खाली आल्यात.”

“म्हणजे मी हुशार होते, हे ठरलं?” आक्काने विचारलं.

“हो, बाई.”

“मग दत्तू, चल. वेळ कमी आहे.”

शाळेत देशावरून नव्या बाई आल्या होत्या. त्यांना बोलीचा गंध नव्हता आणि पहिलीची पोरं त्यांच्यापुढे गप्प बसत. आक्काने त्यांना घरी बोलावलं. रोज शाळा सुटली की दोघी ओटीवर बसत. एकेक गोष्ट आक्का त्यांच्याकडून घोटून घ्यायची. उच्चार चुकला की पुन्हा म्हणायला लावायची. दोन पावसाळे हे चाललं. मग गोष्टी गेल्या, बाईंचं नाव गेलं... शेवटी विलासलाही ती “आपण कोण?” म्हणू लागली. बाई तरीही येत, शेजारी बसत.

परवा शाळेवरून जाताना खिडकीशी थांबलो. बाई पहिलीच्या पोरांना बोलीत गोष्ट सांगत होत्या. एक पोरगी उठून म्हणाली, “बाई, तसा नाय म्हणत,” आणि तिने शब्द नीट म्हणून दाखवला. बाईंनी तिच्यामागून तो पुन्हा म्हटला, आणि गोष्ट पुढे सरकली.