सहदेवबुवांची बोरिवलीतली बारी

सहदेव घाडीगावकर आमच्या विक्रोळीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. मी तिथेच मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी-शेजारी, त्यामुळे त्याच्या डब्यातली कुळथाची पिठी आणि त्याचा राग, दोन्ही माझ्या वाट्याला येतात. मुलं सोडली तर त्याला सर म्हणणारं शाळेत कुणी नाही. सगळ्यांसाठी तो बुवा, कारण शनिवारची संध्याकाळ झाली की हा माणूस डबलबारीच्या भजनात पेटीवर बसलेला असतो.

ज्यांनी डबलबारी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. एक बुवा गाता-गाता पुराणातला एखादा अवघड सवाल टाकतो. समोरच्या बुवाने त्याचं उत्तर गाण्यातूनच द्यायचं आणि वर आपला सवाल टाकायचा. उत्तर आलं नाही, की बारी गेली. ऐकायला बसलेली माणसं आमच्या कोकणातली, ती असलं काही आयुष्यभर विसरत नाहीत. सहदेवचे वडील लवूबुवा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले, पण भजनात त्यांचा दरारा होता. एका माघी गणपतीला घाटकोपरमध्ये त्यांना एका सवालाचं उत्तर आलं नाही आणि लोकांनी हुर्यो उडवली. त्यानंतर लवूबुवा पेटीला शिवले नाहीत. लहानगा सहदेव त्या दिवशी त्यांच्या मागे बसून झांज वाजवत होता. "माका म्हायत नाय, असा बुवान कधी म्हणूचा नसता," हे वडिलांनी त्याला एवढं ऐकवलं की ते त्याच्या अंगात मुरलं. मोठेपणी त्याने तोडही शोधून काढली. उत्तर येत नसेल तर झटकन उलटा सवाल टाकायचा आणि टाळ असे चढवायचे, की लोक मूळ सवाल विसरूनच जातात. तो आजवर एकही बारी हरलेला नाही आणि ही गोष्ट तो चहाच्या टपरीवरसुद्धा सांगतो.

अशा माणसाच्या वर्गात 'खटपट' आली.

'खटपट' ही मृणालिनीताईंची संस्था. मुलुंडला एका सोसायटीच्या हॉलमध्ये सुट्टीतलं शिबिर म्हणून सुरू झालेली. त्यांचा नियम असा, की शिक्षकाने उत्तर आधी सांगायचं नाही. मुलांनी छोट्या गटात बसायचं, आपल्याला पडलेला प्रश्न काढायचा, हाताने करून बघायचं आणि काय कळलं ते दुसऱ्या गटाला समजावून सांगायचं. पुस्तक त्याच्यानंतर. नव्या शाळेत काम सुरू करायचं तर भाषणबिषण नाही. तिथल्या शिक्षकांना जुन्या शाळेत न्यायचं आणि चालू वर्गात मागे बसवायचं. दुधाला विरजण लावावं तसा एक वर्ग दुसऱ्या वर्गाला लागत जायचा.

खरं सांगते, मी नाक मुरडलं होतं. शाळेत दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी काहीतरी नवीन घेऊन येतं, फोटो काढतं आणि गायब होतं. मृणालिनीताई गायब झाल्या नाहीत. प्लास्टिकची बादली, दोऱ्या, जुने आरसे घेऊन यायच्या आणि पोरांबरोबर फरशीवर बसायच्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी येतच होत्या. मग माझंच नाक जाग्यावर आलं.

सहदेवची मात्र सुरुवातीला वाट लागली. त्याने गट केले, बादल्या मांडल्या, "विचारा प्रश्न" म्हणाला, तर मुलं गप्प. एकाने फक्त विचारलं, "सर, वहीत काय लिहायचं?" स्टाफरूममध्ये येऊन तो माझ्यावरच डाफरला, जणू मीच त्या पोरांची तोंडं शिवली होती. आणि मग एके दिवशी त्याला डबलबारी सुचली. त्याने वर्गाच्या दोन बाऱ्या केल्या, प्रत्येक बारीला एक बुवा दिला, घरून टाळ आणले. इकडच्यांनी सवाल टाकायचा, तिकडच्यांनी प्रयोग करून जबाब द्यायचा. वर्ग असा पेटला की शेजारच्या वर्गात कविता शिकवणाऱ्या मला खिडक्या बंद कराव्या लागल्या.

मृणालिनीताईंनी ते पाहिलं आणि त्या खूश झाल्या. "सर, हे झकास आहे. हे सगळ्यांना दाखवू या." मग काय विचारता! भांडुप, घाटकोपर, मग हायवे ओलांडून कांदिवली, बोरिवली. 'खटपट' जिथे गेली तिथे सहदेवची बारी गेली. घाटकोपरच्या एका शाळेत तर गुजराती पोरं "बोला बुवा" म्हणून ओरडायला लागली. मलाही अभिमान वाटायचा, मी तो लपवला नाही. पण एक गोष्ट खुपायची. बारीत सवाल टाकणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. तो समोरच्याला पाडण्यासाठी विचारतो. पोरंही आता घरून अवघड सवाल पाठ करून येत होती. बोलणारी तीच ती चार-पाच, बाकीची टाळ कुटायला. मी एकदा तसं म्हटलंही. सहदेव म्हणाला, "तू गप गो, तुका भजनातला काय कळता?"

डिसेंबरमध्ये बोरिवलीच्या शाळेत मोठा पाहुणा-वर्ग ठेवला. अंधेरीच्या बऱ्याच शाळांचे मुख्याध्यापक येणार होते. त्यांना पटलं तर तिथेही काम सुरू होणार होतं. वर्ग निधी नावाच्या तरुण शिक्षिकेचा, पण पाठ घेणार सहदेव. विषय, काय तरंगतं आणि काय बुडतं. मीही गेले होते, मागच्या खुर्चीवर.

बारी मस्त रंगली. बर्फ तरंगला, खिळा बुडाला, टाळ वाजले. आणि मधेच कोपऱ्यातल्या गटातली एक मुलगी उभी राहिली. प्रांजल तिचं नाव. ती कुठल्याच बारीची बुवा नव्हती. ती म्हणाली, "सर, बर्फ पाण्यावर तरंगतो. पण आमच्याकडे थंडीत खोबरेल तेल गोठतं ना, बाटली उन्हात ठेवली की वरचं वितळतं आणि गोठलेला गोळा तळालाच राहतो. मी हलवून पण बघितलं. तो वर का नाही येत?"

मी सहदेवकडे बघितलं. एवढी वर्षं शेजारी बसते, मला लगेच कळलं. त्याला उत्तर येत नव्हतं. समोर पाहुण्यांची रांग बसलेली. त्याचा हात वर गेला. "अगं, तेलाचं राहू दे, आधी हे सांग, एवढं मोठं लोखंडी जहाज समुद्रात बुडत का नाही? बोला बुवा!" टाळ कडाडले. मुलं ओरडली, पाहुणे हसले. प्रांजल थोडा वेळ उभी राहिली आणि मग बसली. पाठ संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. अंधेरीवाले म्हणाले, आम्हाला हेच हवं, अगदी असंच. पुढच्या शनिवारी आमचे शिक्षक इथेच पाठवतो.

दोन दिवसांनी निधीचा फोन आला. सहदेव स्टाफरूममध्येच होता, त्याने स्पीकर लावला. "सर, राग मानू नका. प्रांजल त्या दिवसापासून वर्गात बोललेलीच नाही. मी विचारलं, तर म्हणते, माझा प्रश्न फालतू होता. सर, वर्षभरात तिने पहिल्यांदा काही विचारलं होतं."

सहदेवने फोन ठेवला आणि डबा उघडलाच नाही.

"आता काय करशील?" मी विचारलं.

"काय करू? पोरगी हळवी आहे, दोन दिवसांनी विसरेल."

मला राग आला. "सहदेव, तू कुणाला हरवलंस रे? सहावीतल्या पोरीला. आणि आता अंधेरीच्या प्रत्येक शाळेत एकेक प्रांजल अशीच खाली बसवली जाणार. तुझ्या नावाने."

त्याने न उघडलेला डबा बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, "आणि सगळ्यांसमोर माका म्हायत नाय म्हणू? अंधेरीवाले मागे फिरले तर ताईंची एवढी मेहनत पाण्यात. आणि मी..." त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते मला ठाऊक होतं. पेटी बंद करून उठलेला त्याचा बाप. मला त्याची दया आली, पण मी शब्द मागे घेतले नाहीत.

शनिवारी मी पुन्हा बोरिवलीला गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. अंधेरीचे शिक्षक भिंतीला लागून बसले होते, मृणालिनीताई दारापाशी. सहदेवच्या हातात टाळ नव्हते. बर्फाच्या डब्यात ठेवून आणलेली खोबरेल तेलाची बाटली होती, एक पातेलं होतं आणि थर्मासमध्ये गरम पाणी.

"उत्तर मोबाइलवर बघून आलास ना?" मी हळूच विचारलं.

"नाय बघितलं," तो म्हणाला. "बघितलं की मी परत बुवा होणार."

तो वर्गासमोर उभा राहिला. "प्रांजल," तो म्हणाला, "तू त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी उलटा सवाल टाकला आणि तुला खाली बसवलं. बारी तू जिंकली होतीस. टाळ्या मी घेतल्या."

भिंतीजवळच्या दोन शिक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. मृणालिनीताईंचा चेहरा मला दिसत नव्हता. सहदेवच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मला वाटलं, आता कुणी हसलं तर हा माणूस उभ्या आयुष्यात परत असं बोलणार नाही.

कुणी हसलं नाही. प्रांजल उभी राहिली.

"सर, मला जिंकायचं नव्हतं," ती म्हणाली. "मला खरंच बघायचं होतं."

"हो गं," सहदेव म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आता मलाही बघायचंय."

तिने त्याच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं, मग आपल्या गटाकडे वळून काहीतरी कुजबुजली. पोरं सरकली. अंधेरीच्या एक बाई खुर्ची सोडून पुढे आल्या आणि नीट दिसावं म्हणून सरळ फरशीवर बसल्या.

"सर, तुम्हाला पण माहीत नाही ना," प्रांजल म्हणाली, "मग तुम्ही आमच्या गटात या."

सहदेवने चपला काढल्या, तिने दाखवलेल्या जागी मांडी घातली आणि बाटली तिच्या हातात दिली. "बोल," तो म्हणाला, "आधी काय करूया?"