नालबंदाची फटफटी

फटफटी घ्यायची ठरली तेव्हा जुन्नरात आम्हाला वेड्यात काढलं नाही असं एक घर उरलं नाही. नालबंदानं घोड्याला नाल ठोकावेत, बैलाला पत्र्या ठोकाव्यात आणि दिवस बुडाला की घरी येऊन भाकरी खावी. त्यानं फटफटीवर बसायचं म्हणजे काय! मोहल्ल्यातले म्हातारे म्हणाले, घोडं संपवणारी वस्तू नालबंदानंच दारात आणली, आता कयामत लांब नाही. म्हटलं, बोला, हवं ते बोला. तुमच्या सुना अडल्या की माझ्याच दाराची कडी वाजवता, तेव्हा मी बैलगाडीत डुलत डुलत आले तर चालेल का, तेवढं सांगा.

मी दाई. आईचं काम माझ्याकडे आलं. हिंदूंची घरं, आमची घरं, मला सगळी सारखीच. डिंगोऱ्यापासून पिंपरी पेंढारपर्यंत बोलावणी यायची. पोटात आडवं राहिलेलं मूल वरून हातानं हळूहळू फिरवायचं, त्याचं डोकं खाली आणायचं, हे मला जमत असे. सगळ्यांना नाही जमत. पण हात कितीही गुणाचे असले तरी ते वेळेवर पोचायला नकोत?

आणि खरं सांगायचं तर फटफटी घेतली ती गावाच्या सुनांसाठी नव्हे. घेतली ती माझ्या एकुलत्या लेकीसाठी. तिला मंचरला दिली होती आणि तिची मुलं पोटात आडवीच राहत. पहिल्या वेळी ती रिवाजाप्रमाणे माहेरी आली होती. मी मूल फिरवलं, नात झाली, सगळं नीट झालं. दुसरं बाळंतपण सासरी. निरोप आला, आम्ही गाडी जुंपली, आणि पोचलो तेव्हा मूल जाऊन वर दिवस उलटला होता. अवसरी खुर्दच्या दाईनं ते कसंबसं ओढून काढलं म्हणून लेक तेवढी हाती लागली.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी विहिणीच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, धाडा हो तिला जुन्नरला, फक्त ही एक खेप. विहीण म्हणाली, "पहिलं माहेरी, बाकीची सासरी. आमच्या घरात काय बाया नाहीत?" बरं, मीच जाऊन राहावं, तर लेकीच्या सासरी महिनाभर मुक्काम ठोकणाऱ्या आईच्या तोंडात लोक शेण घालतात. आग लागो त्या रिवाजाला. तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

आमचे हे कमी बोलणारे. जर्मनच्या लढाईत खडकीला पलटणीच्या घोड्यांना नाल ठोकत होते, तिथली कमाई गाठीला होती. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "पलटणीच्या जुन्या गाड्या विकायला काढल्यात. एक फटफटी आहे, बाजूला माणूस बसायचा डबा जोडलेली. जुन्नर ते मंचर, तू लुगड्याची गाठ मारून होईस्तो पोचवतो." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी माझी कमाई त्यात घातली.

पुण्याच्या लष्करातला मिस्त्री मोठा गोडबोल्या. म्हणाला, गाडी जोरात पळवायची तर हा नवा धुराडा लावा, हा पितळी भोंगा लावा, रंग मारा, लोक बघत राहतील. यांची नजर भोंग्यावरून हलेना. पुरुषमाणूस, पितळ दिसलं की पाघळला! मी म्हटलं, "अहो, भोंगा वाजवून पोटातलं मूल फिरतं का?" मिस्त्री हसला, पण यांचं डोकं ठिकाणावर आलं. दोन दिवस गाडीभोवती फिरले आणि मग म्हणाले, "घोडा पळतो तो पायावर. पैसे पायात घालू."

आणि घातले. नवीन टायर घेतले, मागचा ब्रेक नवा बसवला, कार्बाईडचा दिवा घेतला. डब्यातलं नको ते लोखंड काढून टाकलं, बुडाखाली गवत भरून वर घोंगडी शिवली. भोंगा जुनाच राहिला, म्हातारी खोकल्यासारखा वाजायचा. गंमत अशी की ब्रेक बसवला आणि गाडी जोरात जायला लागली. आधी हे प्रत्येक उतारावर जीव मुठीत धरून गाडी सरपटत न्यायचे. आता थांबायची खात्री होती म्हणून बिनघोर सोडायचे. मला म्हणाले, "पाय घसरणार नाही हे कळलं की घोडंसुद्धा आपण होऊन पाऊल उचलतं." मला ते पटलं. शहाण्यासारखा पैसा खर्च करणं म्हणजे काय, ते मी तेव्हा बघितलं.

डिंगोऱ्याला गेलो तर घरची बाई चुलीवर पाणीच ठेवत होती. "अगं बया, तुमी उडून आल्या का काय? आमचा गडी अजून परत आला न्हाई, आन तुमी दारात!" मला इतका आनंद झाला की त्या घरचा चहासुद्धा गोड लागला, एरवी त्यांच्याकडे गूळ म्हणजे नावालाच.

मंचरलाही एकदा जाऊन आलो, मुद्दाम. लेक पोट सांभाळत डब्यात बसली, हसली, आणि माझा हात धरून म्हणाली, "अम्मा, आता मला भीती नाही वाटत." मी तिच्या पोटावरून हात फिरवला. मूल आडवंच होतं. म्हटलं, राहू दे आडवं, मी येते आणि सरळ करते त्याला, बापावर गेलंय.

आता यांच्या सवयीचं सांगते. नालबंदाचा एक नेम असतो. नाल झिजो न झिजो, महिना-दीड महिन्यानं तो काढायचा, खूर छाटायचा आणि तोच नाल परत ठोकायचा. नाही केलं तर खूर वाढून घोडं लंगडं होतं. चांगल्या नालबंदाचं गिऱ्हाईक त्याच्या या नेमावर टिकतं, आणि आमचे हे फार चांगले नालबंद. फटफटीला त्यांनी तोच नेम लावला. अंगणात घोंगडी अंथरून तिन्ही चाकं काढायची, पुसायची, वंगण घालायचं, परत बसवायची आणि घण मारणाऱ्या हातांनी नट आवळायचे. लेकीचे दिवस भरत आले तसे महिन्याचे पंधरा दिवस झाले, मग आठ. मला कौतुकच वाटायचं. शेजारणीला सांगायचे, बघा, पोटच्या पोरीसाठी बाप किती करतो.

निरोप आला त्याच्या आदल्या दिवशीही चाकं काढून बसवली होती.

पहाटे कळा सुरू झाल्या तसा जावयाचा भाऊ तट्टावरून निघाला, तो ऊन चढल्यावर आमच्याकडे पोचला. त्याचं पाणी पिऊन होईस्तो आम्ही निघालोसुद्धा. नारायणगाव मागे पडलं. रस्ता कोरडा होता, गाडी गुणानं पळत होती. कळंब आता आलंच, असं मी मनात म्हणते आहे, तोच माझ्या बाजूचं चाक सुटलं. मी ते डोळ्यांनी बघितलं. आमच्या पुढे पुढे ते एकटंच पळत गेलं. डब्यानं जमिनीत तोंड खुपसलं, गाडी फिरली आणि मी बाजरीत जाऊन पडले.

हातपाय शाबूत होते. यांचा खांदा सोलला होता, बाकी काही नाही. रानातला शेतकरी धावत आला. "पावणं, लागलं का वो? आधी बाईला उटवा!" मी म्हटलं, "दादा, लागलं न्हाई, पर आमाला मंचरला जायचंय, लेक अडलीय." त्यानं पुढचं काही विचारलं नाही, बैल सोडायला पळाला.

हे मात्र रस्त्यात वाकून काहीतरी शोधत होते. नट सापडला. बोट आत घालून फिरवलं, मग माझ्यापुढे धरलं. आतले आटे पार गेले होते. बांगडी असते ना, तसा आतून गुळगुळीत. दर वेळी काढून काढून, आवळून आवळून, त्यांनी स्वतःच्या हातानं ते खाल्ले होते. लोखंडात ज्यांचा जन्म गेला त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रस्त्यातच खाली बसले आणि म्हणाले, "खूर वाढतो गं. लोखंड वाढत नाही."

"हे तुम्हाला आत्ता कळलं?" मी ओरडले. इतक्या वर्षांच्या संसारात कधी त्यांच्यावर तशी ओरडले नव्हते. "उठा आता! गाडी जुंपली त्यानं, उठा!" ते उठले. बैल आपल्या चालीनं चालत होते आणि मी त्यांच्या शेपट्यांकडे बघत बसले होते. दुसरं काय करणार?

मंचरला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दारात पुरुष जमले होते, खाली माना घालून. त्यांच्याकडे बघूनच कळलं. लेक गेली होती, मूल पोटातच होतं. मय्यतीची आंघोळ बायकांनीच घालायची असते, आणि मी आई होते, दाईही होते. मी पदर खोचला. पाणी टाकायला अवसरीची ती दाई माझ्यासमोर बसली.

पाणी टाकता टाकता ती खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, मी सकाळधरनं हात धुऊन बसले व्हते. गेल्या टायमाला काडलं, तसं ह्या टायमाला बी काडलं असतं. पोर गेलं असतं, पर ही ऱ्हायली असती. तिनं अंगाला हात लावू दिला न्हाई. लई समजावलं. म्हनायची, माझी अम्मा फटफटीवर येतीय, आत्ता पोचंल, तुमी सरा."

ती पुढेही काही बोलत होती. मी लेकीचे केस धूत राहिले.

बाहेर हे भिंतीला टेकून बसले होते. मूठ उघडायला तयार नव्हते. त्या नटानं पोर नेली, असं त्यांना मरेपर्यंत वाटत राहिलं. दाई काय म्हणाली ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही.